चाळिशीनंतरही देशाची जर्सी



फौजेतला जवान पेन्शनवर येतो तेव्हा चाळिशीच्या आसपास असतो. सिव्हिलमधल्या त्याच्या वयाच्या माणसाची तेव्हा निम्मी नोकरी बाकी असते. आपली मात्र पीटी, गेम परेड, इंटर-कंपनी मॅच सगळं एका दिवसात बंद. दोन-तीन वर्षांत पोट सुटतं, शुगर येते आणि युनिटच्या टीममधून खेळलेला गडी ईसीएचएसच्या रांगेत दिसतो. खेळाचं नाव काढलं की म्हणतो, "आता काय वय राहिलंय का?"

अशांना मी टच फुटबॉलचं उदाहरण देतो. नावात फुटबॉल असला तरी चेंडू हातात असतो, आणि तोही रग्बीचा, लांबट. १९६० च्या दशकात सिडनीत रग्बी लीगच्या खेळाडूंनी सरावासाठी हा खेळ सुरू केला. यात कुणाला पाडायचं नाही. चेंडू असलेल्या गड्याला नुसता हात लावायचा, की तो तिथंच थांबतो, चेंडू जमिनीवर ठेवतो आणि त्याचा साथीदार पुढे खेळतो. सहा वेळा हात लागला की चेंडू समोरच्या टीमकडे. मैदान ७० बाय ५० मीटर, एका बाजूला ६ गडी. दम लागला की बाहेर यायचं, ताजा गडी आत; बदलीला मर्यादा नाही.

पहिला विश्वचषक १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला झाला. २०१९ चा मलेशियात, २०२४ चा इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा दबदबा मोठा. पण मला भावतं ते वेगळंच. तिथं चाळिशीवरच्यांचा, पन्नाशीवरच्यांचा वेगळा गट असतो आणि त्यांचीही राष्ट्रीय टीमच असते. तीच जर्सी, तेच राष्ट्रगीत. बऱ्याच देशांचे खेळाडू तिकिटाचे पैसेही स्वतःच्या खिशातून भरतात. स्त्री-पुरुषांच्या मिश्र गटात एका वेळी मैदानावर जास्तीत जास्त तीनच पुरुष चालतात.

कुणी म्हणेल, आपल्याकडे कबड्डी आहे, व्हॉलीबॉल आहे, हे परदेशी खूळ कशाला? कबड्डीचा मला अभिमानच आहे. पण कबड्डीत पकड आली की गुडघा गेलाच म्हणून समजा, आणि सर्व्हिसमध्ये गुडघ्यापायी लो मेडिकल कॅटेगरीत गेलेले, प्रमोशन हुकलेले जवान आपण सगळ्यांनी पाहिलेत. व्हॉलीबॉलमध्ये उड्या मारून गुडघे पुन्हा तेच सांगतात. टचमध्ये पळणं भरपूर आहे, धडक नाही. वळताना पाय मुरगळू शकतो, नाही असं नाही. पण अंगावर कुणी येऊन पडत नाही. आणि हात लावून गडी बाद करणं आपल्याला कुणी शिकवायला नको. हुतूतू आणि खो-खो खेळूनच आपण मोठे झालो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. युनिटमध्ये आठवड्यातली एक गेम परेड टचची असावी, म्हणजे जवानाला पेन्शननंतर खेळता येईल असा एक खेळ हाताशी राहील. आणि साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत, जिथं घराघरात फौजी आहे, तिथं संध्याकाळी बारा माणसं जमवणं अवघड नाही. एक चेंडू आणि चार खुणेचे झेंडे लागतात. वहिनींनाही बोलवा, मिश्र टीम होईल.

देशाची जर्सी मिळेल न मिळेल. निदान रांगेतला नंबर तरी दहा वर्षं पुढे ढकलला जाईल.