तारखेला आलेली आई

मुंबईच्या डोंगरी-उमरखाडी भागात मुलांचे निरीक्षणगृह आहे. ते आहे जुन्या तुरुंगाच्या जागेवर. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांनी १०१ दिवस काढले, ते या डोंगरीच्या तुरुंगात. तुरुंगाच्या जागी मुलांसाठी घर करावे, हा विचार उदात्त खराच. परंतु दारावरची पाटी बदलली म्हणून आतला तुरुंग जातो काय, हा प्रश्न आपल्या बाल न्याय व्यवस्थेला अद्याप चिकटून आहे.

या व्यवस्थेकडे महाराष्ट्राचे लक्ष गेले ते १९ मे २०२४ रोजी. पुण्यात कल्याणीनगरला एका सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले. रविवार असल्यामुळे मुलाला बाल न्याय मंडळाच्या एकट्या सदस्यापुढे उभे करण्यात आले आणि तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्यासारख्या अटींवर त्याच दिवशी जामीन मिळाला. लोक संतापले, आणि ते स्वाभाविकच होते. नंतर त्याला निरीक्षणगृहात पाठवले गेले. २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवून त्याला आत्याच्या ताब्यात दिले. त्याला प्रौढ समजून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. या साऱ्या गदारोळात ‘बाल न्याय मंडळ म्हणजे श्रीमंतांच्या पोरांना सोडणारे ठिकाण’ अशी समजूत घट्ट झाली.

गेली काही वर्षे मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी मंडळापुढे मोफत विधी साहाय्याचा वकील म्हणून उभा राहतो. मला दिसणारे चित्र अगदी उलटे आहे. तेथे व्हरांड्यात बसलेली असते ती धुणीभांडी करणारी, वीटभट्टीवर राबणारी, रोजगार बुडवून एसटीने आलेली आई. मुलांची नावगावे सांगण्यास कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. म्हणून एका पोराची गोष्ट नावाशिवाय सांगतो. पंधरा वर्षांचा मुलगा, आरोप मोबाइल चोरीचा. जामीन पहिल्याच दिवशी झाला. मग तारखा सुरू झाल्या. कधी मंडळाचे सदस्य अपुरे, कधी पोलिसांचे कागद नाहीत, कधी साक्षीदार नाही. प्रत्येक तारखेला आईचा एक खाडा आणि पोराचा शाळेतला एक दिवस जाई. एकदा तिने मला विचारले, “वकीलसाहेब, ह्यो सुटला म्हणायचा का अजून अडकलाय?” मला उत्तर देता आले नाही.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. मुंबई प्रांतात मुलांसाठी वेगळा कायदा आला १९२४ साली. तेव्हापासून सूत्र एकच : मुलाला शिक्षा करण्यापेक्षा त्याला मार्गावर आणावे. देशभरासाठीचा १९८६ चा कायदा सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना आणि अठरापर्यंतच्या मुलींना बाल मानत असे. २००० च्या कायद्याने ही मर्यादा दोघांनाही अठरा केली आणि एक दंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते यांचे मंडळ निर्माण केले. आज लागू असलेला २०१५ चा कायदा म्हणतो, की चौकशी चार महिन्यांत संपवावी. फार तर दोन महिन्यांची वाढ. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा किरकोळ गुन्हा असेल आणि तेवढ्यात निकाल लागला नाही, तर प्रकरण तेथेच बंद. परिविक्षा अधिकाऱ्याने मुलाच्या घरी जाऊन पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यावा. मूल आणि पालक यांना प्रत्येक टप्प्यावर काय चालले आहे ते समजले पाहिजे, हे पाहणे मंडळाचे कर्तव्यच आहे.

कागदावर याहून अधिक काय हवे? परंतु नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’च्या पाहणीत देशातील मंडळांपुढची निम्म्याहून अधिक प्रकरणे प्रलंबित आढळली, साधारणपणे चारांतील एका मंडळाला पुरते सदस्यही नव्हते. ज्याने घरी जायचे तो परिविक्षा अधिकारी कामाच्या ओझ्याखाली दबलेला असला की अहवाल टेबलावरच लिहिला जातो : ‘आर्थिक परिस्थिती हलाखीची, संगत वाईट.’ या दोन ओळींत बाप का दारू पितो, पोर शाळेतून कधी गळाले, मोबाइल कोणासाठी चोरला, यांतले काहीच नसते.

याउलट आपली सारी चर्चा वय आणि शिक्षा यांभोवती फिरते. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारानंतर कायदा कडक झाला; किमान सात वर्षे शिक्षेच्या निर्घृण गुन्ह्यांत सोळा ते अठरा वयाच्या मुलाची मानसिक कुवत तपासून त्याला प्रौढांप्रमाणे खटल्याला तोंड द्यायला लावता येते. बळींच्या नातेवाइकांचा टाहो मी हलका मानत नाही. त्यांनाही न्याय हवा आहे. पण ही तपासणी किती नाजूक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले : मंडळात बालमानसशास्त्र जाणणारा सदस्य नसेल तर तज्ज्ञांची मदत घेतलीच पाहिजे. जेथे साधा सदस्य वेळेवर नेमला जात नाही, तेथे तज्ज्ञ कोठून आणणार? अशा मंडळाचा कठोर निर्णयही भरवशाचा नसतो आणि मवाळ निर्णयही. ते बळींच्या उपयोगी पडत नाही आणि मुलाच्याही नाही.

मंडळाला पुरते सदस्य, पुरेसे परिविक्षा अधिकारी आणि चौकशीला मुदत एवढ्यासाठी नवा कायदा लागत नाही. जिल्ह्याजिल्ह्यात त्यासाठी जाब विचारणारे लोक लागतात. निबंधावर आपण जेवढे बोललो, त्याच्या दशांश तरी यावर बोललो आहोत काय?

आणि हा जाब मलाही लागू आहे. त्या पोराचे प्रकरण किरकोळ गुन्ह्याचे होते. सहा महिने उलटताच ते बंद करण्याचा अर्ज मी द्यायला हवा होता. मी दिला अकराव्या महिन्यात; मधल्या दोन तारखा तर दुसऱ्या कोर्टातल्या कामासाठी मीच मागून घेतल्या होत्या. अर्ज एका बैठकीत मंजूर झाला. आईने हात जोडले. पोराची शाळा मात्र तोवर सुटली होती. तो गॅरेजवर जाऊ लागला होता. “आता नाही जायचं म्हणतोय,” ती म्हणाली. त्या हात जोडण्याला मी पात्र नव्हतो, हे तिला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही; म्हणून येथे सांगतो.