कर्जत-खालापुरांतील शस्त्रपरवाने

शस्त्रांच्या कायद्याचा विषय निघाला की हिंदी मनात जुना सल जागा होतो. १८७८ साली लिटनसाहेबांच्या अमदानीत झालेल्या कायद्याने देशी प्रजेच्या हातची हत्यारे काढून घेतली आणि गोऱ्यांस मोकळीक ठेविली. म्हणूनच १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांत, नियमांच्या अधीन राहून, शस्त्र बाळगण्याचा हक्कही गणला होता. माथेरानचे वकील भाई कोतवाल व त्यांचे सहकारी हिराजी पाटील हे २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांस बळी पडले, हे कर्जतच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको. तेव्हा परवाना ही सरकारची मेहेरबानी आहे, असे आम्ही कदापि म्हणणार नाही.

परंतु आज प्रश्न निराळा आहे. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, खुद्द अधिकाऱ्याच्या दालनात, जमिनीच्या तंट्यावरून गोळीबार झाला. आरोप तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांजवर आला, आणि पिस्तूल परवान्याचे होते! उल्हासनगर ते कर्जत हा लोकलचा एका तासाच्या आतला प्रवास. द्रुतगती मार्ग झाल्यापासून कर्जत व खालापूर या दोन्ही तालुक्यांत जमिनीस सोन्याचे मोल आले, आणि जेथे जमिनीस मोल तेथे तंटा ठेवलेलाच. चोरट्या हत्यारांचा बंदोबस्त पोलिसांनी करावाच. पण परवान्याच्या हत्यारावर सरकारचाच शिक्का असतो, म्हणून त्याची जबाबदारीही सरकारचीच.

कायदा याबाबत मुका नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम १३ पाहा. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्यास, नकाराचे कायदेशीर कारण नसेल तर, परवाना दिलाच पाहिजे; पिस्तूल मागणाऱ्याने मात्र सबळ कारण दाखविले पाहिजे. कलम १४ तर स्पष्ट बजावते की, अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच सबबीवर नकार देता येणार नाही. म्हणजे कायद्याचे माप डोंगराकडेच्या ठाकर-कातकरी शेतकऱ्याच्या बाजूने झुकते. भात पोसवू लागले की रानडुकरे एका रात्रीत वर्षाची मेहनत तुडवितात. डुक्कर मारण्यास वन्यजीव कायद्याखाली वेगळी परवानगी लागते हे खरे. म्हणून पिकाची राखण हे कारण खोटे ठरत नाही. उलट मोठी जमीन, मोटारींचा ताफा आणि कमरेला पिस्तूल, एवढ्याने सबळ कारण सिद्ध होते काय? बडेजाव म्हणजे जिवाचे भय नव्हे.

२०१९ च्या दुरुस्तीने शस्त्रांची कमाल संख्या तिनांवरून दोनांवर आणिली व आनंदोत्सवातील गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. हे ठीकच झाले. मात्र त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली. पाच वर्षांत माणसाचे किती वैरी होतात! निवडणूक आली की हत्यारे जमा करून घेण्याची धावपळ उडते; जमिनीचा तंटा निवडणुकीची वाट पाहत नाही.

अलिबागच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांस कलम १७ अन्वये सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवाना तहकूब वा रद्द करण्याचा अधिकार आहे. कर्जत, नेरळ, खालापूर व खोपोली या ठाण्यांत जमिनीच्या तंट्यातील धमकीची तक्रार आली की, ज्याच्याविरुद्ध ती आहे त्याच्या परवान्याची चौकशी त्याच आठवड्यात व्हावी; आणि पीकसंरक्षणाच्या अर्जावर पोलिसांचा अहवाल मुदतीत न आल्यास त्यावाचूनही निर्णय देण्याची कायद्याने दिलेली मुभा अधिकाऱ्यांनी वापरावी. या दोन गोष्टींस नवा कायदा लागत नाही, मुंबईहून हुकूम यावा लागत नाही. येत्या भाताच्या हंगामापूर्वी त्या सुरू व्हाव्यात, एवढेच आमचे मागणे आहे.