कलेक्टोरेट आलं, पण मजले कुणासाठी?

ऑक्टोबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके वेगळे निघाले आणि पांढुर्णा जिल्हा झाला. गाव जिल्ह्याचं ठिकाण झालं की जागामालक बोटं मोजू लागतात: आणखी दोन मजले चढवू, ऑफिसं येतील, भाडं सुरू होईल. हा हिशेब उलटा आहे. मजले चढवल्याने भाडं वाढत नाही. भाडं चढलं तरच मजले परवडतात.

न्यूयॉर्कमध्ये १९३० साली क्लार्क आणि किंग्स्टन या दोघा अभ्यासकांनी हेच गणित मांडलं. ग्रँड सेंट्रल स्टेशनजवळच्या महागड्या भूखंडावर सर्वांत जास्त परतावा ६३ मजल्यांना मिळत होता, १०.२५ टक्के. ७५ मजले केले की तो घटायचा. कारण उंचीबरोबर लिफ्ट वाढतात, त्या प्रत्येक मजल्यावरची भाड्याची जागा खातात आणि बांधकामाचा खर्चही चढत जातो. जमीन स्वस्त असती, तर सर्वांत फायद्याची उंची याहून कमी निघाली असती. पुढच्याच वर्षी उघडलेली एम्पायर स्टेट बिल्डिंग तर मंदीत इतकी ओस पडली की लोक तिला ‘एम्प्टी स्टेट’ म्हणू लागले.

मुंबईतही उंच इमारतीला भाडेकरू टिकतातच असं नाही. नरिमन पॉइंटवर एअर इंडियाची २३ मजली इमारत १९७४ मध्ये उभी राहिली. कंपनीचं मुख्यालय २०१३ मध्ये दिल्लीला हललं, बड्या कंपन्या वांद्रे-कुर्ला संकुलाकडे वळल्या. अखेर १६०१ कोटींना ती इमारत विकत घेणारं गिऱ्हाईक ठरलं महाराष्ट्र सरकार!

पांढुर्ण्यात लिफ्टचा खर्च कोण भरणार? संत्र्याच्या व्यापाऱ्याला रस्त्याला लागून गाळा हवा, दारात ट्रक लागला पाहिजे. वरच्या मजल्यावर फार तर कोचिंग क्लास किंवा विमा एजंट. सौंसरजवळच्या बोरगावात रेमंडसारखे कारखाने आहेत, पण त्यांना जमीन लागते ती आडवी. कचेरी थाटायचीच तर नागपूर जवळ आहे.

खरं भाडं आणतं ते सरकारी कार्यालयाचं दार. स्टॅम्प वेंडर, अर्ज लिहिणारे, झेरॉक्सवाले, वकील, चहाची टपरी, सगळे त्याच्या मागे जातात. कार्यालयं बाजारपेठेपासून लांब मोकळ्या जागेत नेली, तर बाजारातलं भाडंही तिकडेच जाईल. म्हणून प्रशासनाने ती गावात, दोन मजल्यांच्या आत, म्हाताऱ्या माणसाला चढता येईल अशी ठेवावीत. मालकांनी तूर्त स्लॅबवर सळया सोडून ठेवाव्यात आणि खालचा गाळा आधी भरावा.