गांजाची जुनी केस आणि भरती: नडतं काय, केस की लपवाछपवी?

पहाटे पाचला तालुक्यातल्या कुठल्याही डांबरी रस्त्यावर बघा, भरतीची पोरं पळताना दिसतील. १६०० मीटर होतं, गोळाफेक होते, लेखीही निघते. काहींचं गाडं अडतं ते शेवटी, चारित्र्य पडताळणीत. कॉलेजात असताना मित्रांबरोबर गांजा ओढताना पोलिसांनी पकडलेलं असतं. पोरगं विसरतं, रेकॉर्ड विसरत नाही.

मुळात कायदा काय सांगतो? १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या कलम २७ नुसार गांजा ओढणं हा गुन्हा आहे. शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बरेच जण 'दंड भरला, विषय संपला' म्हणतात. इथंच फसगत होते. गुन्हा कबूल करून कोर्टात दंड भरला, म्हणजे दोषी ठरलात. कागदावर ती शिक्षाच.

निवड झाल्यावर साक्षांकन नमुना भरावा लागतो. कधी अटक झाली होती का, गुन्हा दाखल आहे का, शिक्षा झाली का, असे सरळ प्रश्न त्यात असतात. पोरं 'नाही' लिहून मोकळी होतात. 'केस पुण्यातली, आपल्या ठाण्यात कुठं दिसतीय' हा हिशेब आता चुकतो, कारण सीसीटीएनएस प्रणालीने ठाणी एकमेकांना जोडली आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात याबाबत नियम घालून दिले. माहिती खरीच द्यायची. प्रकरण किरकोळ असेल, तर लपवलं तरी वरिष्ठ माफ करू शकतात. गंभीर असेल तर नोकरी जाऊ शकते. पण खरं सांगितलं म्हणून नेमणूक दिलीच पाहिजे, असंही नाही. पूर्वचारित्र्य तपासून निर्णय घ्यायचा अधिकार खात्याचाच.

म्हणजे सारखीच केस असलेल्या दोन पोरांचा निकाल वेगळा लागू शकतो. एकदा झुरका मारलेला पोरगा आणि माल विकणारा यांना एकाच तराजूत तोलू नये, हे खरं. पण बंदूक हातात देताना खात्याने खातरजमा करावी, हेही तितकंच खरं. निदान नकार देताना कारण स्पष्ट लिहून द्यावं, एवढी अपेक्षा रास्त आहे.

दोन गोष्टी गावात फारशा कुणाला ठाऊक नसतात. एक, १८ वर्षांखाली घडलेल्या गुन्ह्यामुळे बाल न्याय कायद्याच्या कलम २४ नुसार पुढे अपात्र ठरवता येत नाही. अपवाद फक्त १६ वर्षांवरच्या ज्याला घोर गुन्ह्यात प्रौढ म्हणून दोषी ठरवलं त्याचा. दुसरी, एनडीपीएसचंच कलम ६४ अ. व्यसनी माणूस सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या केसमध्ये स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत जाऊ शकते.

म्हणून पोरगं सापडलं की 'साहेबांना भेटून मिटवतो' म्हणणाऱ्याच्या मागे लागू नका. दंड भरण्याआधी वकिलाला विचारा, तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. निकालाची प्रत जपून ठेवा. आणि फॉर्म भरताना जे घडलं तेच लिहा. केस कदाचित माफ होईल. खोटं उघडं पडलं, तर ट्रेनिंग संपल्यावरही घरी यावं लागतं.