‘मी येतो’ म्हणजे नक्की कोण येतो?

बडोद्याच्या कारेलीबागेत स्पोकन इंग्लिशच्या क्लासला जाणारे बरेच जण इंग्रजीला नवखे नसतात. बारावी किंवा पदवी झालेली, मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत नाहीतर अलकापुरीच्या एखाद्या ऑफिसात काम करणारी ही मंडळी मेल लिहितात, फोनवर ग्राहकाशी बोलतात, वेळ निभावून नेतात. युरोपीय मोजपट्टीत ज्याला बी-१ म्हणतात, त्या मधल्या पायरीवर मात्र त्यांचं घोडं अडतं. गुजरात सरकारने २००७ मध्ये ‘स्कोप’ उपक्रम सुरू केला, तो केंब्रिजच्या मदतीने आणि याच मोजपट्टीवर. कोण कुठल्या पायरीवर आहे हे त्यातून कळू लागलं; पाय अडतो कशात, हे कळलं नाही. माझं म्हणणं असं की या टप्प्यावर व्याकरण शिकवायलाच हवं, पण इंग्रजी पुस्तकाच्या क्रमाने नव्हे. शिकणाऱ्याला त्याची स्वतःची भाषा जिथे चकवते, तिथून ते सुरू व्हावं.

‘साहेब म्हणाले की मी उद्या येतो.’ मराठीत यातला ‘मी’ म्हणजे साहेबच, कुणाला शंका येत नाही. तेच ‘सर सेड दॅट आय विल कम टुमॉरो’ होऊन मेलमध्ये गेलं की येणारा माणूसच बदलतो, आणि उद्या गेटवर भलत्याचीच वाट पाहिली जाते. फोन चुका दुरुस्त करतो मग व्याकरण कशाला, असं म्हणणाऱ्यांनी हे वाक्य तपासून पाहावं. त्यात खटकण्यासारखं काहीच नाही, त्यामुळे लाल रेघ उमटण्याचं कारण नाही. ‘माल आला तर कळवतो’ याचंही तसंच. आपण भूतकाळाचं रूप घेऊन पुढच्या गोष्टीबद्दल बोलतो. ‘इफ द मटेरियल केम’ वाचणाऱ्या परदेशी ग्राहकाला मात्र माल येण्याची आशा कमीच दिसते. अदबीचा घोळ तर रोजचा. आपला आदर क्रियापदाच्या शेवटी असतो, ‘पाठवा’ म्हटलं की काम झालं. इंग्रजी ‘सेन्ड’ला तसा शेवट नाही, तिथे अदब ‘कुड’ आणि ‘वुड’ सांभाळतात. शाळेत ‘कुड’ हा ‘कॅन’चा भूतकाळ म्हणून पाठ झालेला असतो, त्यामुळे मनाने नम्र असलेला माणूस कागदावर हुकूम सोडतो.

भारतीय इंग्रजी अशीच असते, तिला साहेबी फूटपट्टी का लावायची, हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. ‘आय ॲम नोइंग’ किंवा ‘आय हॅव सेन्ट इट यस्टर्डे’ म्हटल्याने कुणाचं काही अडत नाही. त्या चुका शेवटी सुधारल्या तरी चालतील. अर्थ फिरतो तिथे आधी लक्ष द्यावं. क्लासांमध्ये चालणारं रेमंड मर्फींचं १९८५ सालापासूनचं ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ नेमकं याच मधल्या पायरीसाठी आहे आणि पुस्तक म्हणून उत्तमच आहे. पण ते जगभरच्या शिकणाऱ्यांसाठी लिहिलेलं. सुरुवातीचे पंचवीसेक धडे काळांचे, आणि दुसऱ्याचं बोलणं सांगायचं कसं, हे त्यानंतर बऱ्याच उशिरा. नोकरी सांभाळून येणारा माणूस तिथवर टिकला तर नशीब!

मातृभाषेतून शिकवणं म्हणजे पुन्हा तर्खडकर, असंही कुणी म्हणेल. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी माणसाच्या पिढ्यांना इंग्रजी दिलं, हे विसरू नये. मात्र तिथे सुटी वाक्यं या भाषेतून त्या भाषेत नेली जात. मी सांगतो आहे ते भाषांतर नव्हे. दोन भाषांचे रस्ते कुठे फुटतात ते पाच मिनिटांत दाखवायचं, बाकीचा तास इंग्रजीतच बोलायचं, लिहायचं. आधी बोलू द्या, व्याकरणाने जीभ अडखळते, हे नवख्याच्या बाबतीत खरं. इथला माणूस बोलतोच आहे. एकच चूक दहा वर्षं बोलून ती पक्की होते.

खरी अडचण वर्गाची, असं वाटू शकेल. कारेलीबागेतल्या वर्गात मराठी, गुजराती, हिंदी सगळेच असतात, मग कुणाच्या भाषेपासून सुरुवात करायची? पण ‘एणे कह्युं के हुं आवुं छुं’ आणि ‘उसने कहा कि मैं आता हूँ’ यांतला ‘मी’ही साहेबाचाच आहे. इंग्रजीतल्या ‘द’सारखा शब्द या तिन्ही भाषांकडे नाही, आणि आदराचं रूप तिघीही क्रियापदातच ठेवतात. फळ्यावर तिन्ही वाक्यं एकाखाली एक लिहायला शिक्षकाला तीन ओळी लागतील. बडोद्याच्या शिक्षकाला या तिन्ही भाषा बहुधा येतातच. वर्गात त्या बोलायला बंदी मात्र त्यानेच घातलेली असते.