दर्जा कोणी ठरवायचा? कानस, गेज आणि कारखान्यातील रायफल

१/ जुन्या शस्त्रांच्या चर्चेत एक वाक्य हमखास येते: हाताने घडवलेली बंदूक ही कलाकृती, कारखान्यातील रायफल ही तिची स्वस्त नक्कल. वाक्य ऐकायला गोड आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही.

२/ हातघडणीच्या बंदुकीत कारागीर चापाचे सुटे भाग भट्टीत तापवून ठोकून घेई आणि कानशीने घासून एकमेकांत बसवी. चाप उत्तम चाले. पण त्यातील भाग शेजारच्या बंदुकीत बसेलच याची खात्री नसे. ऐन मोहिमेत एखादा भाग मोडला, तर नवा भाग घासून बसवणारा माणूस मिळेपर्यंत ती बंदूक शिपायाच्या हातातील काठीच ठरे.

३/ यावरचा उपाय प्रथम फ्रान्समध्ये दिसला. १७८५ मध्ये ओनोरे ब्लांक याने सुटे केलेले चाप थॉमस जेफरसनपुढे ठेवले. हाताला येईल तो भाग उचलून जेफरसनने स्वतः काही चाप जुळवले आणि ते अचूक बसले.

४/ पाठ्यपुस्तके मात्र हे श्रेय इलाय व्हिटनीला देतात. १७९८ मध्ये त्याने दोन वर्षांत १०,००० मस्केट देण्याचा करार केला; काम पूर्ण व्हायला १८०९ उजाडले. पुढे अभ्यासकांनी त्याच्या उपलब्ध बंदुका तपासल्या, तेव्हा त्यांचे भाग परस्परांत बदलता येत नाहीत असे आढळले. ‘यंत्रयुगाचा जनक’ म्हणून गौरवलेल्या माणसाच्या मालावरही शेवटचा हात कानशीचाच होता.

५/ खरे यश जॉन हॉल याचे. १८१९ च्या करारानुसार त्याने हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रशाळेत मागून भरण्याची रायफल बनवण्यास घेतली. १८२७ मध्ये सरकारी तपासनीसांनी त्याच्या रायफली सुट्या केल्या, भाग मिसळले आणि पुन्हा जुळवले. त्या जुळल्या. १८३४ पर्यंत दूरच्या मिडलटाउनमध्ये सिमियन नॉर्थने बनवलेले भागही हॉलच्या रायफलींत बसू लागले.

६/ यामागचे रहस्य केवळ यंत्रात नव्हते, ते गेजमध्ये होते. गेज म्हणजे भागाचे माप पडताळण्याचा पोलादी नमुना. रोजच्या वापराने तो झिजतो, म्हणून तो तपासण्यासाठी मूळ गेज वेगळा जपून ठेवावा लागे. एका बंदुकीतील चूक एका शिपायाला भोवते. गेजमधील चूक हजारो रायफलींत उतरते. तो गेज घडवणारा हात कसबी कारागिराचाच असे. कारागिरी संपली नव्हती. तिची जागा बदलली होती.

७/ ‘स्वस्त’ हा शब्दही येथे लागू पडत नाही. आरंभी अदलाबदल होणारे भाग बनवणे हातघडणीपेक्षा महाग होते. खाजगी व्यापाऱ्याला हा खर्च परवडला नसता. सरकारने तो सोसला, कारण त्याला छावणीतच दुरुस्त होणारे शस्त्र हवे होते.

८/ १८५४ मध्ये ब्रिटिश समिती स्प्रिंगफील्डच्या शस्त्रशाळेत आली. १८४४ ते १८५३ या दहा वर्षांतील प्रत्येकी एक मस्केट निवडून सुटी करण्यात आली आणि भाग मिसळण्यात आले. कामगाराने केवळ स्क्रू पिळण्याच्या हत्याराने दहाही पुन्हा उभ्या केल्या. ब्रिटनने अमेरिकन यंत्रे विकत घेऊन एन्फिल्डचा कारखाना नव्याने उभारला.

९/ १८५७ च्या काडतुसामुळे आपल्याकडे घरोघरी ठाऊक झालेली एन्फिल्ड रायफल ती हीच, १८५३ च्या नमुन्याची. अमेरिकन यादवी युद्धात दोन्ही पक्षांनी तिच्या लक्षावधी प्रती आयात केल्या. बर्मिंगहॅमच्या हातघडणीच्या मालातील भाग अदलाबदल होत नसत. लंडन आर्मरी कंपनीच्या यंत्रनिर्मित मालातील होत. दक्षिणेच्या खरेदीदारांनी उत्तम मानली ती हीच यंत्रनिर्मित रायफल.

१०/ मग कारागिरांनी काहीच गमावले नाही काय? गमावले, आणि ते फार मोठे होते. पूर्वी ‘हे काम चांगले झाले’ असे म्हणण्याचा अधिकार कारागिराच्या नजरेला होता. आता तो गेजला आणि तपासनिसाला मिळाला. त्यासोबत कारखान्याची शिस्तही आली. १८३० मध्ये हार्पर्स फेरीचा कडक अधीक्षक थॉमस डन याला कामावरून काढलेल्या एबेनेझर कॉक्सने गोळी घातली. कॉक्सला फाशी झाली, पण अनेक कारागिरांच्या लेखी तो वीर ठरला. १८४२ मध्ये तेथील कारागीर लष्करी अधीक्षक आणि घड्याळाच्या तासांविरुद्ध काम सोडून थेट राष्ट्राध्यक्ष टायलर यांच्यापुढे उभे राहिले. आपल्या वेळेवरचा आणि कामावरचा ताबा त्यांना परत हवा होता.

११/ म्हणून ‘हाताचे ते अस्सल, यंत्राचे ते नकली’ हे वाक्य दुहेरी अन्याय करते. गेज घडवणाऱ्यांचे कसब ते नाकारते आणि शस्त्रशाळेतील कामगारांच्या खऱ्या तक्रारीच्या जागी पोकळ हळहळ आणून बसवते. त्या माणसांचे भांडण दर्जाशी नव्हतेच. दर्जा ठरवण्याचा हक्क कोणाचा, हा त्यांचा प्रश्न होता. आणि कारखान्यात काम करणाऱ्या कोणालाही तो आजही परका वाटणार नाही.