ग्लास यांच्या संगीतात सतार शोधू नका

फिलिप ग्लास या अमेरिकन संगीतकाराचं नाव निघालं की आपल्याकडे लगेच पंडित रविशंकर आठवतात आणि ‘भारतीय संगीताचा प्रभाव’ एवढं म्हणून विषय मिटतो. प्रभाव आहेच. पण तो रागदारीत शोधणाऱ्याच्या हाती फारसं लागत नाही; तो मात्रांच्या हिशेबात आहे.

१९६५ च्या सुमारास ग्लास पॅरिसमध्ये नादिया बुलांझे यांच्याकडे शिकत होते. ‘चपाक्वा’ या चित्रपटाला रविशंकरांचं संगीत होतं आणि फ्रेंच वादकांसाठी ते कागदावर उतरवून देण्याचं काम ग्लास यांच्याकडे आलं. शिरस्त्याप्रमाणे त्यांनी उभ्या रेघा मारून सुरावटीचे तुकडे पाडले आणि आघात भलत्याच जागी पडू लागले. तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ. सगळे स्वर सारखेच, हे ते पुन्हा पुन्हा बजावत राहिले. अखेर ग्लास यांनी रेघाच खोडल्या, तेव्हा कुठे दोन-दोन, तीन-तीनच्या गटांनी चालणारी लय त्यांना दिसली. ही हकीकत त्यांनी स्वतःच सांगितली आहे.

त्यातूनच पुढे १९६८ ची ‘वन प्लस वन’ आली. वाद्य काय, तर टेबल! त्याला मायक्रोफोन जोडायचा आणि लयीचे दोन छोटे तुकडे बोटांनी वाजवत, वाढवत-घटवत एकापुढे एक जोडत जायचे.

‘सत्याग्रह’ हा त्यांचा ऑपेरा १९८० साली रॉटरडॅममध्ये प्रथम सादर झाला. दक्षिण आफ्रिकेतले गांधी, अंकांना टॉलस्टॉय, टागोर आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची नावं, गायन संस्कृतात आणि शब्द भगवद्गीतेचे. एवढा ऐवज हाती असताना दुसरा कुणी सतार-तबला आणल्याशिवाय राहिला नसता. ग्लास यांनी तंतुवाद्यं, बासरी-क्लॅरिनेटच्या जातीची फुंकवाद्यं आणि ऑर्गन एवढ्यावर भागवलं. तालवाद्य एकही नाही.

शेवटी गांधींच्या तोंडी एक साधा आरोह आहे. तोच, तीस वेळा. शब्द चौथ्या अध्यायातले, अवताराचं आश्वासन देणारे. रे, ग, ध, नी कोमल, म्हणजे आपल्या हिशेबानं भैरवी थाटच. मैफल भैरवीनं संपते म्हणून ग्लास यांनी तो निवडला, असं म्हणणं मात्र ओढूनताणून होईल. इथे मींड नाही, हरकत नाही. खालची स्वरसंगती तेवढी सरकत राहते आणि त्यामुळे तोच षड्ज दर वेळी निराळा लागतो.

‘तेच तेच वाजवतात’ ही ग्लास यांच्याबद्दलची जुनी तक्रार. तबल्यावरचा कायदा आणि त्याचे पलटे तासभर मान डोलावत ऐकणाऱ्यांनी तरी ती करू नये. १९९० मध्ये रविशंकर आणि ग्लास यांनी एकमेकांच्या सुरावटींवर ‘पॅसेजेस’ हा अल्बम केला. त्यात भारतीय वाद्यं उघड ऐकू येतात, तो गोडही आहे, पण ‘सत्याग्रह’पुढे फिकाच. ग्लास ऐकायला सुरुवात करायची तर या ऑपेराच्या तिसऱ्या अंकापासून करावी.